दुसरा घाव

जॉयस लोपीसचा हात हलका होता. वसईतल्या होळी गावात तापाची साथ आली की माणसं दवाखान्यात जायच्या आधी तिच्या ओट्यावर येऊन बसत. सुई कधी टोचली ते कळतसुद्धा नाही, म्हणत. लहान पोरं तिच्यासमोर रडायचं विसरत. निम्मं आयुष्य तिनं वसई रोडजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स म्हणून काढलं होतं, आणि त्यातलाही बहुतेक काळ कॅज्युअल्टीत. गाडीखाली आलेला, विष प्यालेली, स्टोव्हनं भाजलेली, भांडणात चाकू लागलेला, जो कुणी त्या दारातून आत येई त्याला पहिला हात लागायचा तो जॉयस सिस्टरचा.

हॉस्पिटलात जाण्याआधी ती रोज चर्चमध्ये मिस्सेला, सकाळच्या उपासनेला, जाई. ही सवय नोकरीच्या पहिल्या वर्षातली. विहिरीत पडलेलं एक मूल तेव्हा तिच्या हातांत गेलं होतं. त्यानंतर तिच्या घशाखाली घास उतरेना. तिची आई एका पहाटे तिला हाताला धरून चर्चमध्ये घेऊन गेली. फादर प्रवचनात काय बोलले ते जॉयसला आठवत नव्हतं. ख्रिस्तप्रसाद जिभेवर विरघळला, एवढंच आठवत होतं, आणि बाहेर आल्यावर पोटात भुकेनं कळ आली होती. तेव्हापासून तिनं मिस्सा चुकवली ती ब्रिटनीच्या जन्माच्या वेळी आणि एकदा कावीळ झाली तेव्हा. देवाधर्मावर मोठं बोलणं तिला जमत नसे. अंधेरीला नोकरीला जाणारी तिची मुलगी ब्रिटनी म्हणायची, "मम्मी, रोज तेच वाचन, तीच गाणी. बोअर नाही होत तुला?" जॉयस म्हणायची, "भात रोज खातेस. त्याचा कंटाळा आला तर सांग."

नवरा सॅन्टन वाडी करायचा. केळी, अळू, थोडी फुलं. बोलायला कमी, पण संध्याकाळच्या माळेच्या प्रार्थनेला कधी गैरहजर नाही. असं हे घर. त्या घरावर जे आलं ते मे महिन्यातल्या एका दुपारी आलं.

अर्नाळ्याच्या रस्त्यावर एका टँकरनं मोटारसायकल उडवली होती. पुढे बसला होता सौमित्र राऊळ, विरारच्या एका इमारतीत राहणारा, नुकताच नोकरीत कायम झालेला. मागे त्याचा धाकटा भाऊ हर्षवर्धन. हर्षवर्धनला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. त्यानं भावाचं डोकं मांडीवर घेऊन रिक्षातून आणलं. त्याची पँट गुडघ्यापर्यंत रक्तानं भिजली होती आणि तो एकसारखा म्हणत होता, "दादा, डोळे बंद नको करू. दादा, माझ्याकडे बघ."

दादाचे डोळे उघडेच होते, पण ते काही बघत नव्हते. जॉयसला ते दारातच कळलं. तरी तिनं हर्षवर्धनला बाहेर काढलं, पडदा ओढला आणि सौमित्रच्या छातीवर हात ठेवून दाबायला सुरुवात केली. ड्युटीवरचा तरुण डॉक्टर नळी घालत होता. नताशा इंजेक्शनं भरून देत होती. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली ही मुलगी तिथे नवीन लागली होती, जॉयसच्या हाताखाली शिकत होती. छाती दाबताना सौमित्रच्या बरगड्या जॉयसच्या तळव्याखाली कडकडल्या. तिचे दंड भरून आले, घाम डोळ्यांत गेला, तरी ती थांबली नाही. शेवटी डॉक्टरनंच तिच्या खांद्याला हात लावला. "सिस्टर, बस."

बाहेर एव्हाना हर्षवर्धनचे मित्र जमले होते, मित्रांचे मित्र जमले होते. पोरगं आत नेलं तेव्हा जिवंत होतं आणि यांनी हयगय केली, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांनी उचललं. डॉक्टरनं पडदा सारून बातमी सांगितली. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्या तोंडावर ठोसा बसला. तो धडपडत मागच्या खोलीत पळाला आणि त्यानं आतून कडी लावली.

मग सगळं फुटायला लागलं. काउंटरची काच, कॉम्प्युटर, औषधांचं कपाट. एकानं खुर्ची फेकून भिंतीवरचा कॅमेरा पाडला. समोरच्या खाटेवरची दम्याची म्हातारी ऑक्सिजनच्या नळीसकट खाली ओढली गेली. नताशा तिला उचलायला वाकली आणि हर्षवर्धननं मागून तिची वेणी धरली. त्यानं तिला तशीच फरफटत काउंटरपर्यंत नेलं आणि तिचा हात लोखंडी ड्रॉवरमध्ये दाबून वर लाथ घातली. हाड मोडल्याचा आवाज जॉयसनं ऐकला. इतक्या वर्षांत तिनं मोडलेली हाडं पुष्कळ पाहिली होती. मोडताना ऐकलं ते पहिलंच.

ती मध्ये पडली. त्यानं तिला गळ्याला धरून भिंतीवर आपटलं. डोक्यात घण बसल्यासारखं झालं. श्वास कोंडला. हाताला सलाईनचा लोखंडी स्टँड लागला, तो तिनं उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्याच्या खांद्यावर हाणला. त्याची पकड सुटली.

तो मागे सरला. त्यानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा पडद्याकडे. पडदा अर्धा फाटला होता आणि आत सौमित्र दिसत होता. हर्षवर्धन आत गेला आणि स्ट्रेचरशेजारी गुडघ्यांवर बसला. त्यानं भावाचा लोंबणारा हात स्वतःच्या गालाला लावला आणि हंबरडा फोडला. बाकीची पोरं तोवर बाहेरच्या गाड्या फोडायला गेली होती. नताशा काउंटरखाली बेशुद्ध पडली होती, म्हातारी खाटेपलीकडे जमिनीवर धापा टाकत होती. पडद्याकडे बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

जॉयसला तिथून निघून जाता आलं असतं. नताशाकडे जाता आलं असतं. ती त्याच्या मागे गेली. त्यानं तिची चाहूल लागून तोंड वर केलं. ते तोंड रडून लालभडक झालं होतं आणि त्यात आता भांडण उरलं नव्हतं. जॉयसनं स्टँड दोन्ही हातांनी वर घेतला आणि त्या तोंडावर हाणला. स्टँडच्या टोकाचा आकडा त्याच्या डाव्या डोळ्यात शिरला. तिनं तो ओढून काढला आणि पुन्हा हाणला.

तो भावाच्या स्ट्रेचरखाली कोसळला. बोटांच्या फटींतून रक्त वाहत होतं. जॉयस उभी राहून बघत होती. कापसाचा डबा तिच्या हाताशी होता. तिनं साधा बोळासुद्धा त्याच्या डोळ्यावर ठेवला नाही.

पोलिस आले तेव्हा तो तसाच पडला होता.

पुढच्या गोष्टी झपाट्यानं झाल्या. हर्षवर्धनला सरकारी हॉस्पिटलात नेलं. डोळा वाचला नाही. डोळ्यावर पट्टी असतानाच त्याच्यावर नर्सला आणि डॉक्टरला मारहाण केल्याचा गुन्हा दाखल झाला. जॉयसच्या हॉस्पिटलच्या मालकांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत. त्यांनी जॉयसला केबिनमध्ये बोलावलं. हॉस्पिटलचे वकील तिथे बसलेच होते.

"फुटलेल्या काचेवर तो पडला आणि डोळ्याला लागलं," वकील म्हणाले. "झटापट झाली, त्यात पडला. तुम्ही एवढंच सांगायचं."

"मी त्याला मारलं," जॉयस म्हणाली.

"मारलंतच. गळा धरला होता त्यानं तुमचा. त्यानंतर तो पडला. बरोबर ना?"

तिच्या गळ्यावर बोटांचे वळ होते, काळेनिळे, लख्ख दिसणारे. ते सगळ्यांनी बघितले होते. पडद्याआडचं कुणी बघितलं नव्हतं. तिनं मान डोलावली आणि जबाबाखाली सही केली.

हर्षवर्धन मात्र पोलिसांना, वकिलाला, भेटेल त्याला सांगत राहिला, "मी दादाजवळ बसलो होतो. बसलेल्या माणसाला मारलं तिनं." कुणी विश्वास ठेवला नाही. मुलीचा हात ड्रॉवरमध्ये घालून मोडणाऱ्याचं कोण ऐकणार? हवालदारसुद्धा हसले म्हणे.

इकडे जॉयसचा फोटो पेपरात आला. रविवारच्या मिस्सेनंतर फादर व्हिव्हियननी तिला वेदीपुढे बोलावलं. शाल, श्रीफळ, टाळ्या. फादरना तरी काय माहीत होतं. "आपल्या गावच्या लेकीनं सहकाऱ्यासाठी जीव धोक्यात घातला," ते म्हणाले. लोक उभे राहिले. जॉयसनं शाल घेतली. खाली मान घालून उभी राहिली, तर लोकांना तो विनय वाटला.

मिस्सा तिनं सोडली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत ती उठली नाही; मनात पाप ठेवून तो घ्यायचा नसतो. तिच्या बाकावरच्या बायका अंग चोरून तिच्यापुढून जायच्या, परत यायच्या, आणि ती तशीच बसून राहायची. ज्यांना ती वर्षानुवर्षं रोज रांगेत दिसली होती त्यांच्या हे लक्षात येणारच. तब्येत बरी नसेल, एवढंच आपसांत बोलल्या.

जॉयसला शरमेपेक्षा दुसरंच काहीतरी छळत होतं. तो घाव तिला पुन्हा पुन्हा आठवे, आणि आठवला की बरं वाटे. वाचनं चालू असताना हाताच्या मुठी वळत. आपण अजून दोन हाणायला हवे होते, असं मनात येई. वेदीवर भाकर मोडली जाई तेव्हा तिला सौमित्रच्या बरगड्यांचा आवाज आठवे, मग नताशाच्या हाडाचा, आणि मग तो तिसरा, स्टँडचा, ओला. घरी आली की भांडी आपटायची. गल्लीत आडवी आलेली कुत्री तिनं एकदा दगडानं अशी मारली की ती आठवडाभर लंगडली. स्टेशनजवळ एका रिक्षावाल्यानं उलट उत्तर दिलं तर तिनं त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं, आणि तिला ओळखून त्या रिक्षावाल्यालाच दटावलं.

"मम्मी, तू कुणाकडे तरी काउन्सेलिंगला जा," ब्रिटनी म्हणाली. "प्लीज. माझ्या ऑफिसमध्ये पण जातात लोक."

"मला काही झालेलं नाही," जॉयस म्हणाली.

मग एका संध्याकाळी घरी माळेची प्रार्थना चालली होती. भिंतीवरच्या घरच्या वेदीच्या फळीवर मेणबत्ती, खाली चटईवर सॅन्टन, जॉयस आणि ब्रिटनी. शेवटी सॅन्टन नेहमी कुणाकुणासाठी प्रार्थना सांगायचा. आजारी, परदेशी गेलेले, मेलेले. त्या दिवशी तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "आणि त्या राऊळांच्या मेलेल्या मुलासाठी. आणि त्याच्या भावासाठी, त्याचा एक डोळा..."

जॉयसच्या हाताशी पितळेची मेणबत्तीदाणी होती. ती कधी उचलली तिचं तिला कळलं नाही. सॅन्टनच्या कपाळावर ती लागली आणि तो चटईवर आडवा झाला. भुवईच्या वरचं कातडं फाटून रक्त डोळ्यात, कानात, गळ्यावर उतरलं. ब्रिटनी ओरडली आणि मध्ये आली. जॉयसचा हात अजून वरच होता.

तो खाली यायला थोडा वेळ लागला. मग तिनं पाणी गरम केलं, जखम धुतली, ओट्यावरच्या दिव्याखाली नवऱ्याला बसवून टाके घातले. दोरा कापून झाल्यावर सॅन्टन म्हणाला, "त्या पोराला असंच मारलंस का?"

"असंच म्हणजे?"

"मी काय करत होतो? बसलो होतो."

जॉयसनं उरलेला दोरा बोटाला गुंडाळला.

"मी तिथे नव्हतो," सॅन्टन म्हणाला. "पण आत्ता तुझं तोंड बघितलं. तो पोरगा जे सांगत फिरतोय ते खरं आहे ना?"

तिनं कात्री उकळत्या पाण्यात टाकली आणि तिथेच उभ्या उभ्या मान हलवली. सॅन्टननं तिला जवळ घेतलं नाही. रागावलाही नाही. तो उठला, चटईवर सांडलेलं मेण खरवडून काढलं आणि झोपायला गेला. त्यापेक्षा त्यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर जॉयसला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या सकाळी मिस्सेनंतर ती पापनिवेदनाला गेली. जाळीच्या पलीकडे फादर व्हिव्हियन. पन्नाशीचे, तोडून बोलणारे. जॉयसनं सगळं सांगितलं, काहीच वगळलं नाही. डोळ्यातून आकडा ओढून काढला तेसुद्धा.

जाळीपलीकडे खुर्ची करकरली. त्या माणसानं तिला शाल पांघरली होती.

"पश्चात्ताप होतो?" त्यांनी विचारलं.

"नाही, फादर. तेच तर. मला बरं वाटलं होतं. अजून वाटतं. त्यानं नताशाचा हात कसा मोडला ते मी ऐकलंय."

"मग इथे कशाला आलीस?"

"काल सॅन्टनला मारलं. तो प्रार्थना सांगत होता." तिचा आवाज फाटला. "मी रोज इथे येते. रोज बसते. माझ्या पोटात आता दुसरंच काहीतरी गेलंय आणि तेच वाढतंय. ते मला नकोय."

"हे नकोय ना? मग हाच पश्चात्ताप. पोटातून रडू येईल तेव्हा येईल, त्याची वाट बघू नकोस." ते थांबले. "पोलिसांना काय सांगितलंयस?"

"काच."

"म्हणजे तो पोरगा खोटा पडतोय. डोळा गेला तो गेला, वर खोटारडाही ठरलाय."

"मी पोलिसांत जायला हवं, असं तुमचं म्हणणं आहे?"

"तशी अट घालून मी तुला क्षमा देऊ शकत नाही. ते प्रायश्चित्त म्हणून मी सांगणार नाही. ते तुझं तुला ठरवायचंय." आणि मग, जरा खालच्या आवाजात, "क्षमा मी तुला आत्ता देतो. पण तू उद्या रांगेत उठशील का, हे तुलाच माहीत."

तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशीही ती उठली नाही. मिस्सा संपल्यावर मात्र ती घरी न जाता तशीच विरारला गेली.

राऊळांच्या दाराशी सौमित्रच्या नावाची पाटी अजून होती. दार दोघा भावांच्या आईनं उघडलं. विनया राऊळ, हाडकुळी, केस विंचरलेले नाहीत. जॉयसला तिनं लगेच ओळखलं. पेपरात फोटो बघितला होता.

"तुम्ही?"

"ताई, तुमचा मुलगा खरं सांगतोय," जॉयस उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "तो भावाजवळ बसला होता. भांडण संपलं होतं. मी त्याच्या मागोमाग जाऊन मारलं. मी हे सांगायला आले."

आतून हर्षवर्धन आला. तो जामिनावर सुटून आला होता. डोळ्याच्या जागी गॉज, त्याखाली गाल शिवलेला. त्यानं ऐकलं होतं. त्यानं जॉयसच्या तोंडावर मुठीनं मारलं. ती चपलांच्या कपाटावर आदळली, कपाट तिच्या अंगावर आलं. त्यानं तिला केसांना धरून उठवलं आणि पुन्हा मारलं. तोंडात रक्ताची चव आली. दाताखाली ओठ फाटला होता.

कपाटाची सुटलेली फळी जॉयसच्या हाताखाली होती. तिची बोटं फळीभोवती वळलीसुद्धा. तो राग होता तसाच होता, एक काडीही कमी नव्हता. तिनं फळी सोडून दिली आणि दोन्ही हात स्वतःच्या काखेत दाबून धरले.

"मार," ती म्हणाली. "पण मग मला पोलिसांत जाऊ दे."

विनयानं मुलाला मागून विळखा घातला आणि खेचलं. ती त्याच्या निम्म्यानं होती, तरी तिनं त्याला भिंतीपर्यंत नेलं. "हर्ष, पुरे. पुरे झालं. तिला जाऊ दे म्हणतेय ना मी." मग जॉयसकडे वळून, कोरड्या आवाजात, "इथे रडायचं नाही. माफी मागायची नाही. आधी पोलिस स्टेशनला चला. मी बरोबर येते. नाहीतर वाटेत मन बदलाल."

दोघी रिक्षात बसल्या. जॉयसनं पदर ओठाला लावला होता. थोडं पुढे गेल्यावर विनयानं तिचं मनगट धरलं. पळून जाऊ नये म्हणून धरलं असं जॉयसला आधी वाटलं. मग नखं रुतायला लागली. विनया समोर बघत होती आणि सगळा जोर लावून ते मनगट पिळत होती. जॉयसनं हात काढून घेतला नाही. वसईला उतरेपर्यंत तिच्या मनगटातून रक्त निघालं होतं.

पोलिस ठाण्यातले साहेब जॉयसला खुर्ची द्यायला उठले. तोंड बघून म्हणाले, "हे कुणी केलं?"

"चपलांच्या कपाटावर पडले," जॉयस म्हणाली. तेवढं एक खोटं ती बोलली. विनयानं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं.

मग जॉयसनं जबाब बदलायचा आहे असं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकलं, पेन खाली ठेवलं. "सिस्टर, विचार करा. लोक तुम्हाला हार घालतायत. केस आमच्या बाजूनं पक्की आहे. हे लिहिलं तर उद्या तुम्हीच आरोपी."

"लिहा," जॉयस म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मिस्सेला तिच्या ओठाला टाके होते. ती रांगेत उठली. पुढची बाई सरकली, मग तिची पाळी आली. फादर व्हिव्हियननी तिच्या सुजलेल्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचा हात क्षणभर अडला.

"ख्रिस्ताचे शरीर."

"आमेन," ती म्हणाली. टाक्यांमुळे तो शब्द नीट उमटलासुद्धा नाही. प्रसाद फाटक्या ओठाला लागून झोंबला. ती बाकावर येऊन बसली. शांत वगैरे वाटलं नाही. पण बऱ्याच दिवसांनी तिच्या मुठी मांडीवर उघड्या पडल्या होत्या.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. मोठ्या डॉक्टरांनी तिला कामावरून काढलं. तिच्यावर गुन्हा दाखल झाला, तिला अटक होऊन जामीन मिळाला. गावात कुणी म्हणालं, मोठी हिंमत केली. कुणी म्हणालं, वेड लागलं, आणि आपल्या समाजाचं नाव घालवलं. सर्वांत लागलं ते नताशाचं बोलणं. तिचा हात सरळ झाला नव्हता. मनगटातून वळत नव्हता, सलाईन लावता येत नव्हतं.

"तुम्हाला तुमचा आत्मा साफ करायचा होता, सिस्टर," ती फोनवर म्हणाली. "माझ्या हाताचं काय? आता त्याचा वकील तुमचंच नाव घेणार आणि तो सुटणार. तुम्ही परत मला फोन करू नका."

जॉयसनं केला नाही. त्या दिवशी तिनं वाडीत जाऊन केळीचा एक आख्खा गड्डा कोयत्यानं तोडला. घड लागलेली झाडं होती. सॅन्टन बांधावर उभा राहून बघत होता, कपाळावर टाक्यांचा व्रण. ती दमून खाली बसल्यावर त्यानं कोयता उचलून नेला. एवढंच.

राग गेला नाही तो नाहीच. फादर व्हिव्हियनना ती एकदा म्हणाली होती, "मला वाटलं होतं एकदा खरं बोलले की सुटेन."

"एकदा जेवलीस की पुन्हा भूक लागत नाही का?" ते म्हणाले. "उद्या ये."

ती येत राहिली. एखादा दिवस बरा जायचा, एखादा दिवस वेदीसमोर बसूनही हर्षवर्धनचं तोंड दिसायचं आणि हात शिवशिवायचे. पण आता ते दिसलं की ती मान खाली न घालता त्या तोंडाकडे बघत राही. रडून लाल झालेलं, वर केलेलं. ते कसं होतं ते तिला जसंच्या तसं आठवत होतं. आणि पावसाळा सरत आला असताना एका सकाळी, मिस्सेत मेलेल्यांची नावं घेतली जात होती तेव्हा, तिला एकदम हुंदका फुटला. तो तिला आवरेना. बाजूच्या बायकांनी तिला धरून बाहेर नेलं. ती पायरीवर बसून पोटातून रडली, नताशाच्या हातासाठी, त्या डोळ्यासाठी, आणि आपल्या तळव्याखाली मोडलेल्या त्या बरगड्यांसाठी.

वसईच्या कोर्टात दोन्ही केसेस चालू आहेत. त्याची आणि तिची. तारखा कधी कधी एकाच दिवशी पडतात. हर्षवर्धनला आता काचेचा डोळा बसवला आहे. विनया त्याच्याबरोबर येते, जॉयसबरोबर सॅन्टन येतो. चौघं एकाच व्हरांड्यात, दोन टोकांना बसतात. विनया कधी मान हलवते, कधी तेवढंही नाही.

गेल्या तारखेला हर्षवर्धन तिच्या बाकाशी येऊन उभा राहिला. सॅन्टन उठू लागला. जॉयसनं त्याला बसवलं.

"एक विचारायचंय," हर्षवर्धन म्हणाला. तो तिच्याकडे न बघता भिंतीकडे बघत होता. "तुम्ही मला बाहेर काढलं होतं. पडद्यामागे दादा काय बोलला का? काही पण. मम्मीचं, माझं नाव."

जॉयसला हो म्हणता आलं असतं. ते ऐकायलाच तो आला होता, हे तिला दिसत होतं.

"नाही," ती म्हणाली. "तो शुद्धीवर आला नाही. काही बोलला नाही. दुखतही नसणार त्याला."

त्यानं जबडा आवळला.

"पण त्याला एकटं सोडलं नव्हतं," ती म्हणाली. "शेवटपर्यंत माझे हात त्याच्या छातीवर होते. डॉक्टरनी थांबवलं तेव्हाच थांबले. तेवढं मी तुला शपथेवर सांगू शकते."

हर्षवर्धननं आता तिच्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"माहीत आहे."

"करणारही नाही."

तो वळला आणि आईजवळ जाऊन बसला. तो विनयाच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होता, आणि विनयानं पदर तोंडात धरला. आतून शिपायानं पुकारा केला. जॉयस लोपीस. ती उठली, सॅन्टनच्या हातातून पिशवी घेतली आणि आत गेली.